कार्डाचं सुतक

दुकान उघडलं की गल्ल्यावरच्या लक्ष्मीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळायची आणि पुढ्यात छोटा दिवा लावायचा, हे कॅशियरचं काम. हिंदमाता भागातल्या आमच्या साड्यांच्या दुकानात ते काका करायचे. पण काही दिवस ते तसबिरीपासून हातभर लांब उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "दिवा आज तू लाव. मला सुतक आहे."

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. चेहरा कसा करावा ते मला कळेना. हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं, काका?"

"कोणी नाही. प्रेशर कुकर घेतला."

त्यांना वाटलं असावं, मला पुरेसं कळलं नाही. म्हणाले, "जुन्याचं झाकण बसेना. कार्डावर घेतला. बिल अजून यायचंय."

बाकीच्या मुली साड्यांच्या घड्यांमागे तोंड लपवून हसत होत्या. त्यांना हे नवीन नव्हतं. काकांकडे एक क्रेडिट कार्ड होतं, एकच, आणि त्यावर काही घेतलं की ते पैसे फिटेपर्यंत काका सुतक पाळायचे. गोड खायचं नाही. देवाला हात लावायचा नाही. कुणाच्या बारशाला, लग्नाला, वास्तुशांतीला जायचं नाही. दुकानाचा चहा यायचा तो साखरेचा, म्हणून तोही नाही. बिल आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या पेटीत चेक टाकायचा, घरी परत जाऊन डोक्यावरून अंघोळ करायची आणि मग दुकानात यायचं ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. आम्ही त्या पुड्याची वाट बघायचो. शेठसुद्धा बघायचे, फक्त तसं दाखवायचे नाहीत.

मला काकांबद्दल नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे. त्यांची टिंगल करणं सोपं आहे आणि ती आम्ही केलीच. पण मला पैशाविषयी जे काही थोडं कळतं ते त्या गल्ल्यापाशी कळलं. मी तेव्हा सकाळी कॉमर्स कॉलेजला जात होते आणि दुपारपासून दुकानात बिलं करत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. बाबा गिरणीत होते. संपानंतर गिरणी काही त्यांना परत मिळाली नाही. भाजीची गाडी, कुरिअर, मंडपवाल्याकडे बांबू वाहणं, असं करत करत ते करी रोडच्या एका नव्या टॉवरमध्ये पाण्याच्या पंपावर लागले होते. आम्ही मात्र तिथेच, समोरच्या चाळीत. कॉलेजात क्रेडिटची व्याख्या मी पाठ केली होती. तिला मार्कही मिळाले होते. तेवढंच.

"पण काका," मी एकदा धीर करून विचारलं, "तुम्ही तर वस्तू घेतली त्याच दिवशी तेवढे पैसे पाकिटात घालून कपाटात ठेवता. मग सुतक कसलं?"

"पाकीट कोणाच्या कपाटात आहे?"

"तुमच्या."

"मग फिटलं कसं?"

"मग कार्ड वापरताच कशाला? रोखीनं घ्यायचं."

ते नोटा मोजत होते, ते थांबले. "गॅसची शेगडी घरात आहे ना तुझ्या? भडका उडतो म्हणून चूल मांडतेस का? वापरायची. रात्री झोपताना कॉक बंद केलाय का ते उठून बघायचं. मी उठून बघणारा माणूस आहे, एवढंच."

गिऱ्हाइकांना मात्र ते जड जायचे. कोणी कार्ड पुढे केलं की मशीनमध्ये घालायच्या आधी काका दोन प्रश्न विचारणारच. बिल कधी बनतं? आणि भरणार कसं? बरेच लोक हसून उत्तर द्यायचे. काही चिडायचे. "तुम्हाला काय करायचंय? पैसे तुम्हाला मिळतात ना?" असं एका बाईंनी विचारलं तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "मिळतात. म्हणूनच विचारतो." त्या बाई साडी तिथेच टाकून गेल्या. शेठ कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, तू दुकानात बसलाय का पोलीस चौकीत? गिऱ्हाईक पळवायचा पगार देतो काय मी तुला?" त्याच बाई दिवाळीत परत आल्या, नोटा घेऊन आल्या, आणि सरळ काकांच्या खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या, "आज विचारू नका काही." काकांनी काही विचारलं नाही. शेठना मी हे सांगायला गेले तर ते म्हणाले, "पंधरा परत आले नाहीत, ते कोण मोजणार?" तेही खरं असेल.

एकदा बँकेतून काकांना दुकानाच्या फोनवर फोन आला. पलीकडची मुलगी इतक्या उत्साहात बोलत होती की तिचा आवाज मला गल्ल्याच्या या बाजूला ऐकू येत होता.

"सर, तुमचं लिमिट आम्ही वाढवलंय."

"मी मागितलं होतं का?"

"नाही सर, फ्री आहे."

"मग कमी करा. माझ्या पगाराएवढं होतं तसं."

"सर, कमी कोणी करत नाही."

"बाळ, तुझा पगार किती आहे ते मी विचारत नाही. पण तुझ्या पगाराच्या चौपट उधारी तुला कोणी न मागता दिली, तर तू त्याला चहा पाजशील की दाराला कडी लावशील?"

मग ती मुलगी वेगळ्याच, घरच्या आवाजात म्हणाली, "सर, एक अर्ज लिहून पाठवा. मी करून घेते." फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "चांगली मुलगी आहे. हिला नोकरीत फार दिवस ठेवणार नाहीत."

आता आमच्या घरची गोष्ट.

माझ्या ताईचं लग्न मे महिन्यात ठरलं. बस्ता आमच्याच दुकानात बांधायचा हे ठरलेलंच होतं. मला थोडी सूट मिळणार होती आणि बाबांना ते सगळ्यांना सांगायला आवडत होतं. एप्रिलच्या एका दुपारी दोन्हीकडची माणसं आली. आमच्याकडून आई, बाबा, ताई. त्यांच्याकडून विहीणबाई आणि त्यांच्या दोन नणंदा. शेठनी थंड मागवलं. गाद्यांवर साड्यांचा ढीग वाढत गेला. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, आत्यांच्या, मामींच्या, करवल्यांच्या. दर साडीला विहीणबाई म्हणायच्या, "पुरे हो आता," आणि बाबा म्हणायचे, "असू दे, असू दे. पोरगी काय रोज देतंय?" मी बिल करत होते. बाबांनी बस्त्यासाठी किती पैसे साठवलेत ते मला माहीत होतं, आणि तो आकडा मागे पडूनही खूप वेळ झाला होता.

बाबा गल्ल्यापाशी आले आणि बसच्या पासामागून त्यांनी एक कार्ड काढलं.

ते कार्ड मला ओळखीचं होतं. टॉवरच्या गेटवर टेबल टाकून बसलेल्या एका मुलानं बाबांकडून पगाराची स्लिप घेऊन फॉर्म भरला होता. कार्ड आलं तेव्हा पाकिटातला कागद मीच त्यांना वाचून दाखवला होता. ते त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं. मला वाटलं, तिथेच राहील.

काकांनी कार्ड हातात घेतलं. बाबा कोण ते त्यांना माहीत होतं. तरी आवाज खाली आणून त्यांनी विचारलंच. "बिल कधी बनतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "वीस तारखेला," मी म्हणाले.

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकली. त्या दिवशी एकोणीस तारीख होती.

"आणि भरणार कसं?"

"म्हयन्याक थोडे थोडे टेकवीन," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही काळजी नव्हती. "त्या गेटवरच्या झिलान सांगल्यान ना, कमीत कमी किती भरायचे ते बिलावरच लिहून येतंत. तेवढे भरले की तक्रार नाय. जूनच्या पहिल्या रविवारी गावमंडळाची भिशी माझ्या नावावर हा. तवा बघू उरलेल्याचा."

मला त्यात चूक काही दिसली नाही, हे सांगायला हवं. आमच्याकडे सगळे असंच करत. वाण्याकडे, दूधवाल्याकडे, पूर्वी खानावळीत. सगळं देता आलं नाही तरी काहीतरी टेकवायचं. टेकवणारा माणूस इज्जतदार.

काका कार्डाकडे बघत बसले. गादीवरून विहीणबाईंचा आवाज आला, "झालं का हो? हळदकुंकू आणलंय मी. गाठ मारून घेऊ." एकदा बस्त्याला गाठ मारून हळदकुंकू लावलं की तो परत सोडत नाहीत, हे दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना तर नक्कीच.

काका उठून उभे राहिले. कार्ड त्यांनी बाबांच्या हातात परत ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माफ करा. माझ्या लक्षात राहिलं नाही. मला सुतक आहे. शुभकार्याचं बिल आज माझ्या हातून नको."

मुलींनी घड्या घालता घालता माना वर केल्या.

शेठ धावत आले. "मी करतो ना बिल. तू बाजूला हो."

"मशीनला सकाळपासून माझाच हात लागलाय, शेठ."

"अरे, तुझं सुतक म्हणजे..." शेठ बोलणार होते, पण विहीणबाई मध्ये पडल्या. "कोण गेलं म्हणायचं?"

"घरातलं नाही," काका म्हणाले. "पण पाळावं लागतं."

"मग नकोच," विहीणबाई नणंदांना हाताला धरून उठवत म्हणाल्या. "पोरांच्या संसाराचा प्रश्न आहे. परवा येऊ. साड्या बाजूला काढून ठेवा, म्हणजे झालं." आणि बाबांना म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका हं. तुमचा काय दोष यात?"

बाबांनी मान हलवली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण कोणासमोर खाली बघावं लागलं नव्हतं. पायऱ्या उतरताना ते विहीणबाईंना टॅक्सी थांबवून देत होते, नेहमीसारखे.

शेठ काकांवर खूप बोलले. काका ऐकत राहिले. शेठ गोदामात गेल्यावर मी गल्ल्यापाशी आले.

"काका, सकाळी दिवा तुम्हीच लावलात. काल पेढासुद्धा खाल्लात. कालच बिल भरलंय म्हणालात."

"हो."

"मग?"

काकांनी खिशातून स्वतःचं कार्ड काढलं. "त्या कोपऱ्यातली एक साडी दे."

"कुठली?"

"कुठलीही. मला साड्यांतलं काय कळतं?" वीस वर्षं साड्यांच्या दुकानात काढलेला माणूस हे म्हणत होता.

सगळ्यात वर होती ती मी दिली. भडक पिवळी, अंगभर अननसाची नक्षी. दोन दिवाळ्या ती कोणी घेतली नव्हती. काकांनी ती उलगडूनही बघितली नाही. स्वतःचं कार्ड स्वतःच मशीनमधून ओढलं, स्लिपवर सही केली आणि पेन टेबलावर ठेवलं.

"कुणासाठी घेतली?"

"ते नंतर बघू. आधी मी बोललो ते खरं होऊ दे." मग तसबिरीकडे हात करून म्हणाले, "संध्याकाळचा दिवा तू लाव."

काकांचं सुतक म्हणजे काय ते मी रात्री घरी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच आले, दुकान बंद व्हायच्या सुमाराला. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं होतं. पण ते पायरीवर काकांच्या शेजारी बसले, आणि काकाही काही समजावून सांगायच्या सुरात बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "संपात तुम्ही जेवायला कुठे होतात?"

बाबांनी लालबागच्या एका खानावळीचं नाव सांगितलं. काका हसले. काका स्वतः गिरणीत टाइमकीपर होते, हे मला त्या दिवशी कळलं. परळला एकटे राहायचे. जेवायला त्यांचीही एक खानावळ होती, एका बाईंची.

"तुमच्या खानावळीच्या बाईंना काय द्यायचात?" काकांनी विचारलं.

"काय देणार? असतील ते टेकवायचे. आम्ही सगळेच तसे."

"टेकवलेत की बाई काय म्हणायच्या?"

"म्हणायची, बस, पानावर बस."

"उरलेल्यावर व्याज?"

"खुळी काय ती?"

"हे कार्डवाले लावतात," काका म्हणाले. "तुम्ही थोडे टेकवलेत की उरलेल्यावर लावतात. त्यानंतर चार आण्याची वस्तू घेतलीत तर तिच्यावरही घेतल्या दिवसापासून लावतात. रोकड काढलीत तर विचारूच नका. बाई थोडे घेऊन खूश व्हायच्या, कारण माणूस विसरला नाही हे त्यांना कळायचं. हे थोडे घेऊन खूश होतात, कारण माणूस सापडला हे त्यांना कळतं."

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे अख्खे भरूक होये."

"अख्खे. आणि शेवटच्या तारखेच्या आत. तेवढं जमत असेल तर कार्डासारखी चांगली वस्तू नाही, फुकटात मुदत मिळते. उद्या या. आज रात्री तुमचं बिल बनेल. उद्या घेतलंत तर ते पुढच्या बिलात जाईल, आणि ते भरायचं दहा जूनच्या आत. तुमची भिशी त्याआधी लागतेय. भिशीएवढंच कार्डावर घ्या. बाकी जे साठवलंय ते रोख. त्यात बसत नाही ते..."

"ते परत ठेवूचा," बाबा म्हणाले.

मी शटरजवळ उभी राहून हे ऐकत होते. काल घेतलं असतं तर दहा मेच्या आत भरायला लागलं असतं, लग्नाच्या तोंडावर, भिशी लागायच्या आधी. काकांनी कॅलेंडरकडे का बघितलं ते मला तेव्हा समजलं.

मग बाबांनी विचारलं, "तुमची ती खानावळवाली बाई? आहे अजून?"

"संप चिघळला तशी खानावळ बंद करून गावी गेली. मला नोकरी लागून हातात पैसे यायला वेळ लागला. पैसे घेऊन तिच्या गावी गेलो तर ती आदल्या महिन्यातच वारलेली. मुलगा म्हणाला, आईनं कुणाचं काही येणं आहे असं सांगितलं नाही. घेईना. मी त्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. आत सगळे सुतक पाळून आधीच मोकळे झालेले. माझंच तेवढं राहिलं."

बाबांनी खिशातून तंबाखू काढला, मळला आणि अर्धा काकांच्या तळहातावर ठेवला.

परवाच्या दिवशी बस्ता बांधला गेला. बाबांनी विहीणबाईंना सरळ सांगितलं की मानपान थोडं आटोपतं घेतोय. मला वाटलं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. विहीणबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. आमच्याकडे कपाट एक आणि त्यात निम्म्यात सासऱ्यांची औषधं." त्यांनी स्वतःच्या हातानं चार साड्या बाजूला काढल्या. गाठोड्याला गाठ मारली तेव्हा दुकानातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. काका लांब, दाराशी उभे होते. बिल शेठनी केलं.

लग्न परळच्या एका हॉलमध्ये झालं. काकांना आमंत्रण होतं, पण ते येणार नाहीत हे मी आईला सांगून ठेवलं होतं. त्यांच्या पिवळ्या साडीचं बिल अजून आलं नव्हतं. अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या, आणि कोणीतरी सांगत आलं की खाली गेटवर एक गृहस्थ उभे आहेत, आत या म्हटलं तर येत नाहीत. मी खाली गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून, फुटपाथवर, हॉलच्या कमानीच्या बरोबर बाहेर उभे होते. हातात पिशवी.

"ही तुझ्या ताईला दे. आहेर."

पिशवीत तेच पिवळ्या साडीवरचे अननस होते.

"आत चला ना, काका. इथवर आलात तर."

"आत नाही येत. एवढं द्यायला आलो."

तेवढ्यात बाबा जिना उतरून आले. फेटा बांधलेला, कपाळाला गंध. त्यांनी काकांना हाताला धरलं, मग आठवलं तसं सोडून दिलं. कमानीबाहेर आले आणि काकांच्या शेजारी फुटपाथवर उभे राहिले.

"तुम्ही कशाला इथे?" काका म्हणाले. "पंगतीत फिरायचं सोडून."

"मी जिलबी वाढतंय सगळ्यांका," बाबा म्हणाले. "खाल्लंय नाय. माझा पण बिल जूनमध्ये हा."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग दोघंही समोर रस्त्याकडे बघत राहिले. मी पाणी आणून दिलं, ते दोघांनी घेतलं. वरून आईचा आवाज आला, "नवरीचे बाबा कुठे गेले? विहीणबाईंना घास भरवायचाय." बाबा म्हणाले, "जातंय," आणि तरी थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

जूनच्या पहिल्या रविवारी भिशी लागली. सोमवारी पंपावरची ड्युटी बदलून घेऊन बाबा स्वतः बँकेत गेले. रक्कम त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला सांगितली होती, कमीत कमीची नव्हे, खालची, पूर्ण. मंगळवारी मी कॉलेज बुडवून सकाळीच दुकानात आले, तर बाबा शटर उघडायच्या आधीपासून पायरीवर बसलेले. अंघोळ केलेली, केस ओले, मांडीवर पेढ्यांचा पुडा.

काका आले. त्यांचं सुतक मे महिन्यातच फिटलं होतं. त्यांनी पुड्याकडे बघितलं, बाबांच्या ओल्या केसांकडे बघितलं. शटर वर केलं, गल्ल्यापाशी गेले, तसबीर फडक्यानं पुसली, वात सारखी केली. मग काड्यापेटी हातात घेऊन मागे वळले आणि ती बाबांपुढे धरली.

"आज दिवा तुम्ही लावा."